आयात केलेल्या इमारती सरकल्या, दुप्पट झाल्या, पत्ते सापडेनात? आधी हे तपासा

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, इमारतींच्या बाह्यरेषा आणि घरांचे पत्ते घाऊक चढवायची, म्हणजे आयातीची, कामं मी थोडीफार केली आहेत. दुसऱ्यांनी चढवलेलं निस्तरायची मात्र पुष्कळ. निरोप दर वेळी एकाच वळणाचा असतो: "काल रात्री अपलोड केलं, आज नकाशा विचित्र दिसतोय, जरा बघता का?" बघायला गेलं की तेच पाच-सहा घोटाळे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

सुरुवात करण्याआधी एक विनंती. पुढचं अपलोड थांबवा. चुकीच्या पहिल्या फेरीवर "दुरुस्तीची" दुसरी फेरी चढवली की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि मग उलटवणं (चढवलेलं मागे घेणं) दहापट किचकट होतं. जेओएसएम (नकाशा संपादनाचा प्रोग्रॅम) उघडंच असेल तर लेयर (कामाचा थर) बंद करू नका, डिस्कवर सेव्ह करा. काय चढलं आणि काय राहिलं, याची एकमेव नोंद बऱ्याचदा तीच असते.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं, ते आधी ओळखा. एकाच वेळी दोन-तीन असू शकतात.

- अपलोड यशस्वी झालं म्हणतं, पण नकाशावर काहीच दिसत नाही.
- सगळ्या इमारती एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकल्या आहेत.
- इमारती भलत्याच देशात किंवा भर समुद्रात उगवल्या आहेत.
- चौकोनी घरांच्या भिंती वेड्यावाकड्या, जणू अदृश्य जाळीला चिकटलेल्या.
- एकाच जागी दोन इमारती, बरोबर एकावर एक.
- इमारती नाहीतच, नुसते ठिपके पसरलेत.
- घरक्रमांकाच्या जागी तारीख दिसते, किंवा क्रमांकामागे दशांश चिन्ह आणि शून्य.
- रस्त्यांच्या नावांत अगम्य अक्षरं, चौकोन, प्रश्नचिन्हं.
- घरक्रमांक नकाशावर दिसतो, पण शोधात तो पत्ता सापडत नाही किंवा दुसऱ्याच रस्त्यावर नेतो.

आता स्वस्तातल्या तपासणीपासून सुरू करू.

१. खरंच काही बिघडलंय का?

"काहीच दिसत नाही" या तक्रारींपैकी बऱ्याच नुसत्या थांबण्यानेच मिटतात. नकाशाची चित्रं आधी तयार करून साठवलेली असतात. नवी माहिती आत गेली तरी चित्र पुन्हा रंगवायला वेळ लागतो, आणि त्यानंतरही तुमचा ब्राउझर जुनंच चित्र दाखवत राहू शकतो. पान पूर्ण ताजं करा, हवं तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. शिवाय मुख्य नकाशावर इमारती साधारण १४ व्या झूम पातळीपासून आणि घरक्रमांक १७ व्या पातळीपासून दिसतात. त्याहून कमी झूमवर, लांबून पत्ते शोधत बसलात तर ते दिसणारच नाहीत.

चित्रावर विसंबायचं नसेल तर जेओएसएममध्ये नवी लेयर घेऊन तोच भाग सर्व्हरवरून उतरवा. तिथे इमारती असतील तर माहिती पोहोचली आहे, बाकी सगळा चित्राचा प्रश्न. ही सवय लावून घ्या. नकाशाचं चित्र आणि नकाशाची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढची प्रत्येक तपासणी माहितीवर करायची आहे.

२. चेंजसेट उघडून बघा

तुमच्या खात्याच्या इतिहासात गेलात की प्रत्येक अपलोडचा चेंजसेट, म्हणजे बदलांचा गठ्ठा, दिसतो: किती नोड (बिंदू), किती वे (बिंदू जोडणाऱ्या रेषा), नकाशावरच्या कुठल्या चौकोनात. यात तीन गोष्टी बघा. चौकोन तुमच्या वस्तीएवढाच आहे की अर्ध्या खंडाएवढा? अर्ध्या खंडाएवढा असेल तर एखादी तरी इमारत भलतीकडे जाऊन पडली आहे. नोडची आणि वेची संख्या एकमेकांशी जुळते का? चार कोपऱ्यांच्या स्वतंत्र घराला चार नोड आणि एक वे लागतो. हजारो नोड आणि वे शून्य, तर अपलोड मध्येच तुटलं. आणि एकसारख्या आकड्यांचे दोन चेंजसेट लागोपाठ दिसतात का? दिसत असतील तर थेट आठव्या तपासणीकडे जा.

आयातीसाठी वेगळं खातं वापरा, हा नियम याच जागी उपयोगी पडतो. रोजची हाताने केलेली कामं आणि घाऊक माल एकाच खात्यात असेल तर कोणता चेंजसेट कशाचा, हे महिन्याभराने तुम्हालाच आठवणार नाही. उलटवणाऱ्याला तर नाहीच नाही.

३. परवाना

कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे, आणि इथे चूक असेल तर बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या पाण्यात जातात. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती १२ सप्टेंबर २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्सखाली दिली जाते. तुम्ही आणलेली माहिती त्या अटींत बसली पाहिजे. सरकारी पोर्टलवरून फुकट उतरवता येते म्हणजे चढवताही येते, असं नाही. अव्यापारी वापरापुरती दिलेली माहिती चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा फक्त श्रेय मागणारा ४.० परवानासुद्धा जसाच्या तसा पुरत नाही. मालकाकडून काही अटी सोडल्याचं लेखी पत्र लागतं.

इथे स्वतःची वकिली करू नका. शंका असेल तर मालकाला पत्र लिहा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि आलेलं उत्तर आयातीच्या विकी पानावर ठेवा. गुंता सुटत नसेल तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनच्या परवाना कार्यगटाला विचारा. या थांब्याला पर्याय नाही.

त्याच पत्रव्यवहारात त्या भागातल्या मॅपर मंडळींनाही (नकाशात भर घालणाऱ्यांनाही) आधी विचारून घ्या. आयातीच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय, पण ते औपचारिकता म्हणून नाही. अमेरिकेत २००७-०८ मध्ये जनगणना खात्याचे टायगर नावाचे रस्ते घाऊक आणले गेले. त्यातल्या चुका लोक त्यानंतर कित्येक वर्षं हाताने सुधारत बसले. चढवायला रात्र पुरते, निस्तरायला पिढी लागते.

४. एका इमारतीवर थांबा

माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. फायलीत चाळीस हजार इमारती असतात, स्क्रीनवर सगळं छान दिसतं, आणि कोणी एका घरापाशी जाऊन उभं राहत नाही.

तुमच्या भागाच्या चार कोपऱ्यांतून चार बैठी घरं निवडा. बैठीच, का ते सांगतो. प्रत्येकाची बाह्यरेषा उपग्रहचित्राशी लावून बघा आणि दोनच गोष्टी कागदावर लिहा: किती मीटर सरकलंय, कोणत्या दिशेला. या चार ओळींवरून दुखणं जवळजवळ पक्कं कळतं.

चारही ठिकाणी अंतर सारखं, दिशा सारखी, आणि फरक दोन-पाच मीटरांचा: दोष बहुधा तुमच्या फायलीत नाही, उपग्रहचित्रात आहे. चित्रंही सरकलेली असतात आणि एकाच शहरात दोन पुरवठादारांची चित्रं एकमेकांशी जुळत नाहीत. लवाद म्हणून लोकांनी चढवलेले जीपीएस माग (फिरताना नोंदलेल्या वाटा) वापरा. एका रस्त्यावर बरेच माग असतील तर त्यांचा मधला पट्टा विश्वासाचा. चित्र मागांशी जुळत नसेल तर चित्राला ऑफसेट द्या (चित्रच तेवढं सरकवा), इमारतींना हात लावू नका. नेमकं उलटं करून, बरोबर असलेली सरकारी मोजणी चुकीच्या चित्रावर ओढून बसवलेली मी पाहिली आहे.

अंतर सारखं, दिशा सारखी, पण फरक काही दहा मीटरांपासून शेकडो मीटरांपर्यंत: डेटम (अक्षांश-रेखांश कशाच्या आधारे मोजायचे तो संदर्भ) चुकला. मूळ मोजणी जुन्या संदर्भावर आहे आणि तुमच्या प्रोग्रॅमने ती डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा आणि ओपनस्ट्रीटमॅपचा डेटम) समजून वाचली. डेटम ही हलकी बाब नाही. ऑस्ट्रेलियाचा खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे त्यांच्या १९९४ आणि २०२० च्या डेटममध्येच सुमारे १.८ मीटरचा फरक पडला. दोन्ही आधुनिक, दोन्ही काटेकोर, तरी इमारत एका भिंतीच्या पलीकडे.

अंतर एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे वाढत जातं: प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) चुकलं.

इमारतींचे आकार अगदी बरोबर, पण सगळी वस्ती पूर्वेला किंवा पश्चिमेला शेकडो किलोमीटर दूर: यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे पट्टे पाडतात, त्यातला पट्टा चुकला. हे ६० पट्टे प्रत्येकी ६ अंश रुंद असतात. शेजारचा निवडला की आकार बिघडत नाही, फक्त गाव उठून दुसरीकडे जातं.

वस्ती भलत्याच खंडात: अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. जिओजेसन या फाइल-साच्यामध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो, आपण बोलताना मात्र उलटं बोलतो. रेखांश ९० च्या वर असेल तर नशीब, कारण अक्षांश म्हणून तो आकडा चालतच नाही आणि प्रोग्रॅम लगेच ओरडतो. ९० च्या खाली असेल तर तो गुपचूप चालून जातो.

चारही ठिकाणी फरक वेगळा, दिशाही वेगळी: मूळ माहितीच कच्ची आहे. याला कोणतंही रूपांतर लागू पडत नाही.

आता बैठ्या घरांचं कारण. हवाई छायाचित्रात उंच इमारती कललेल्या दिसतात. छत एकीकडे, पाया दुसरीकडे. नकाशावर पाया हवा असतो, पण चित्रावरून काढणारा माणूस असो वा यंत्र, बऱ्याचदा छत गिरवतो. बैठी घरं तंतोतंत बसतात आणि फक्त उंच इमारती सरकल्यासारख्या दिसतात, तर तुमची फाइल निर्दोष असण्याची शक्यता मोठी. आधी उंच इमारत निवडली असती तर अख्खी फाइल सरकवून बसला असता.

उपाय करताना सगळ्यात जास्त ठेच लागते ती क्यूजीआयएस या नकाशा-माहितीच्या प्रोग्रॅममध्ये. लेयरची संदर्भप्रणाली (आकडे कोणत्या डेटम-प्रक्षेपणातले ते) "ठरवणं" आणि लेयर दुसऱ्या प्रणालीत "रूपांतरित करणं" या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीने फक्त प्रोग्रॅमला सांगितलं जातं की हे आकडे अमुक प्रणालीतले समज. आकडे तेच राहतात. बाटलीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतलं औषध बदलत नाही. आधी खरी प्रणाली ठरवा, मग ईपीएसजी ४३२६ मध्ये (डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशांत) रूपांतर करून नवी फाइल काढा. ती खरी प्रणाली शेपफाइलसोबतच्या पीआरजे फायलीत लिहिलेली असते. शेपफाइल हा नकाशा-माहितीचा साचा म्हणजे एक फाइल नसून तीन-चार फायलींचा संच आहे. कोणी फक्त मुख्य फाइल पाठवली असेल तर बाकीच्या मागून घ्या, अंदाज बांधत बसू नका.

जाता जाता, वेड्यावाकड्या भिंतींबद्दल. कोणीतरी मध्ये आकडे छाटले असतात. चार दशांश स्थळं ठेवली तर जाळी सुमारे ११ मीटरांची होते, पाच ठेवली तर सुमारे १.१ मीटरची. ओपनस्ट्रीटमॅप स्वतः सात स्थळं ठेवतं, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर. छाटलेले आकडे चौकोनी करण्याच्या आज्ञेने परत येत नाहीत. घर नीटनेटकं दिसेल, पण खोटं असेल. मूळ फाइल पुन्हा काढा.

कुठे थांबायचं: मूळ प्रणाली कागदोपत्री कुठेच सापडत नसेल, किंवा स्थानिक जुन्या डेटमचं रूपांतर करूनही दोन-चार मीटर फरक उरत असेल, तर हा भूमापन किंवा जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) जाणणाऱ्या व्यावसायिकाचा प्रांत आहे. डोळ्याने ओढून जुळवणं म्हणजे चूक लपवणं.

५. पत्त्यांचा तक्ता साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा

स्प्रेडशीटमध्ये नाही. टेक्स्ट एडिटरमध्ये.

५/१० हा घरक्रमांक घ्या. एक्सेलने तो पाहिला की त्याला ती तारीख वाटते आणि सेलमध्ये ५ ऑक्टोबर किंवा १० मे उगवतो, संगणकाच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे. फाइल सेव्ह केलीत की मूळ ५/१० गेला. आता तो ५/१० होता, ५-१० होता की १०/५, हे सांगायला कोणी उरत नाही. ज्या देशांत पोस्टकोड शून्याने सुरू होऊ शकतो, तिथे ते शून्यही असंच गळतं. मी एकदा पाहिलेल्या एका तक्त्यात एक अख्खी गल्ली मार्च महिन्यात राहत होती.

तारखा दिसल्या तर शोधा-बदला करून त्या परत फिरवायचा मोह टाळा. मूळ फाइल पुन्हा मिळवा आणि स्प्रेडशीटमध्ये उघडायचीच असेल तर तो स्तंभ आधी मजकूर म्हणून ठरवून मगच आत घ्या.

"१२.०" सारखे क्रमांक दुसऱ्या वाटेने येतात. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीत एखाद्या पूर्णांकी स्तंभात एखादी जागा रिकामी असली की ती अख्खा स्तंभ दशांशी करून टाकते. वाचतानाच स्तंभ मजकूर म्हणून वाचा, प्रश्न मिटला. घरक्रमांक दिसतो आकड्यासारखा, पण त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो नावच आहे.

अगम्य अक्षरांचं कारण एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. शेपफाइलच्या तक्त्याचा साचा जुना आहे आणि त्याचं एन्कोडिंग कोणतं, हे सांगणारी सीपीजी फाइल बऱ्याचदा हरवलेली असते. अक्षरं विचित्र पण वेगवेगळी दिसत असतील तर माहिती शाबूत आहे. दुसरं एन्कोडिंग निवडून उघडा, बहुधा यूटीएफ-८. सगळीकडे सारखीच प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं कायमची गेली. मूळ फाइलकडे परत जा.

शेपफाइलची आणखी एक खोड: स्तंभांची नावं दहा अक्षरांवर कापली जातात. घरक्रमांकाचा स्तंभ आणि घरक्रमांकामागे लागणाऱ्या "अ", "ब" अशा पुस्तीचा स्तंभ, दोघांच्या नावांची सुरुवात इंग्रजीत सारखीच असते. कापल्यावर ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात आणि जुळवणी करताना पुस्ती क्रमांकाच्या जागी बसते. सगळ्या गावात घरक्रमांक फक्त "अ" आणि "ब" असतील तर गुन्हेगार हाच.

६. रस्त्याचं नाव अक्षरशः जुळतं का?

पत्ता नकाशावर आहे पण शोधात नाही, ही तक्रार आली की मी दुसरं काही बघत नाही. पत्त्याच्या टॅगमध्ये (नकाशावरच्या घटकाला जोडलेल्या माहितीत) लिहिलेलं रस्त्याचं नाव आणि प्रत्यक्ष रस्त्याच्या रेषेवरचं नाव शेजारी शेजारी ठेवतो. पत्त्यात "स्टे. रोड", रेषेवर "स्टेशन रोड". पत्त्यात सगळी मोठी इंग्रजी अक्षरं, रेषेवर नेहमीची. पत्त्याच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा. माणसाला हे सगळं एकच वाटतं. शोधयंत्राला वाटेलच असं नाही. नॉमिनाटिम, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचं शोधयंत्र, घराला त्याच नावाच्या जवळच्या रस्त्याशी जोडू पाहतं. तसा रस्ता सापडला नाही तर घर शेजारच्या भलत्याच रस्त्याला जोडलं जाऊ शकतं. कोपऱ्यावरच्या घरांचे पत्ते दुसऱ्या गल्लीत का जातात, त्याचं उत्तर बहुधा इथे असतं.

तपासणी सोपी आहे. पत्त्यांमधल्या रस्त्यांच्या नावांची एकेकदा येणारी यादी काढा, नकाशावरच्या रस्त्यांच्या नावांची तशीच यादी काढा, आणि जी नावं पत्त्यांत आहेत पण रस्त्यांच्या यादीत नाहीत तेवढीच बघा. चाळीस हजार पत्त्यांतून सहसा शंभर-दोनशे नावं उरतात. ती मात्र हाताने सोडवा. काही ठिकाणी पत्त्यातलं नाव बरोबर आणि रस्त्यावरचं चूक असतं, आणि ते जागेवर जाऊन पाटी बघितल्याशिवाय कळत नाही. संक्षिप्त रूपं पूर्ण करा. यंत्राला पूर्ण नावाचं संक्षिप्त करता येतं, उलटं करताना ते चुकतं.

जिथे घरं रस्त्याच्या नावाने ओळखलीच जात नाहीत, वाडीच्या किंवा वस्तीच्या नावाने ओळखली जातात, तिथे रस्त्याच्या टॅगमध्ये वस्तीचं नाव कोंबू नका. त्यासाठी स्थळनावाचा वेगळा टॅग आहे. एका पत्त्यावर दोन्ही लावायचे नसतात.

७. आकार, आणि आधीपासून असलेल्या इमारती

जेओएसएमचा व्हॅलिडेटर (चुका शोधणारं साधन) चालवा आणि त्याने दाखवलेल्या चुका अपलोडच्या आधी मिटवा. स्वतःलाच छेदणाऱ्या रेषा, एकमेकांवर चढलेल्या इमारती, सरळ भिंतीत उगाच ठोकलेले डझनभर नोड, घरातल्या चौकाच्या जागी भरीव ठोकळा (आतलं अंगण मल्टिपॉलिगॉनचा, म्हणजे मध्ये भोक असलेल्या आकाराचा, आतला घटक म्हणून यायला हवं). लागून असलेल्या घरांची सामाईक भिंत एकाच नोडजोडीवर असावी. स्रोतात ती दोनदा काढलेली असते आणि मध्ये बोटभर फट किंवा बोटभर ओव्हरलॅप राहतो. मूळ तक्त्यातले ओळख क्रमांक, क्षेत्रफळ, परिमिती हे टॅग म्हणून चढवू नका. क्षेत्रफळ आकारावरून मोजता येतंच.

यापेक्षा नाजूक मामला जुन्या इमारतींचा. आधी कोणीतरी हाताने काढलेलं घर असतं, त्यावर दुकानाचं नाव, उघडण्याच्या वेळा, व्हीलचेअर जाते का, अशी जागेवर जाऊन गोळा केलेली माहिती असते. आयात करणाऱ्याला ते घर थोडं वाकडं दिसतं. तो ते पुसतो आणि आपलं सरळ घर ठेवतो. यंत्राने काढलेल्या भिंती आल्या आणि माणसाने चालत जाऊन आणलेली माहिती गेली. आयातीवरून मॅपर मंडळींची डोकी तापतात ती बहुतेक याच कारणाने, आणि माझंही तापतं.

जेओएसएममध्ये यूटिल्सप्लगइन २ हे प्लगइन (जोड-साधन) घ्या. जुनी आणि नवी इमारत दोन्ही निवडून कंट्रोल-शिफ्ट-जी दाबलं की जुन्या घराला नवा आकार मिळतो, पण त्याचा क्रमांक, इतिहास आणि टॅग जागेवर राहतात. टॅग एकमेकांशी भांडले तर ते विचारतं. तिथे डोळे मिटून नव्यालाच पसंती देऊ नका. इमारती फार असतील तर कन्फ्लेशन प्लगइन जुन्या-नव्या इमारतींच्या जोड्या सुचवतं, पण जोडीवर शेवटचा शिक्का माणसाचाच हवा. वर्षभरापूर्वीची सरकारी मोजणी आणि गेल्या महिन्यात कोणीतरी काढलेलं घर यांत नवं कोणतं, हे प्लगइनला माहीत नसतं. पाडलेली इमारत पुन्हा उभी करू नका.

८. अपलोड तुटलं, आणि तुम्ही पुन्हा बटण दाबलं

एकावर एक बसलेल्या जुळ्या इमारतींमागे बहुतेक वेळा हेच असतं. हे माझ्याच हातून पहिल्यांदा घडलं तेव्हा मला ते कळायला दोन दिवस लागले. अपलोड चालू होतं, पट्टी अडकली, नेटवर्क गेलं, चुकीचा संदेश आला. साहजिकच पुन्हा अपलोड दाबलं, ते व्यवस्थित पार पडलं, आणि मी झोपायला गेलो. माहिती सर्व्हरवर पहिल्याच वेळी पोहोचली होती. तुटलं होतं ते फक्त "पोहोचली" हे सांगणारं उत्तर. माझ्या संगणकाला इमारतींचे नवे क्रमांक मिळालेच नाहीत, म्हणून त्याने सगळं नवं समजून पुन्हा पाठवलं.

सर्व्हर एका विनंतीतली माहिती एक तर पूर्ण घेतो, नाहीतर अजिबात घेत नाही. त्यामुळे सगळं एकाच विनंतीत पाठवलं असेल तर शक्यता दोनच: सगळं गेलं, नाहीतर काहीच नाही. तुकड्या-तुकड्यांनी पाठवताना मात्र जेओएसएम आधी नोड, मग वे, मग रिलेशन (घटकांचे गट) या क्रमाने जातं. मध्येच तुटलं की नोड पोहोचलेले आणि त्यांना जोडणारे वे मागे राहिलेले. ते पसरलेले ठिपके म्हणजे बिनभिंतीची घरं.

म्हणून तुटल्यावर बटणाला हात न लावता आधी चेंजसेट उघडा, दुसऱ्या लेयरमध्ये तो भाग उतरवा, काय पोहोचलं ते बघा. एकाच विनंतीतलं सगळं पोहोचलं असेल तर तुमचं काम झालं, जुनी लेयर टाकून द्या. अर्धवट असेल तर रिव्हर्टर प्लगइनने तो चेंजसेट उलटवा आणि मग मूळ फायलीपासून नव्याने सुरू करा. दोनदा चढलं असेल तर दुसरा चेंजसेट उलटवा, पहिला ठेवा, कारण मधल्या काळात कोणी पहिल्या इमारतींवर काही लिहिलं असू शकतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून तुकडे लहान ठेवा. एका चेंजसेटची मर्यादा १०,००० घटकांची आहे. चार कोपऱ्यांच्या घराचे पाच घटक धरले तर २,००० घरं, पत्त्यांचे वेगळे नोड असतील तर त्याहून कमी. मी मर्यादेच्या जवळही जात नाही. डोळ्याखालून घालता येईल एवढीच एक वस्ती, एक अपलोड. न्यूयॉर्क शहराच्या २०१३-१४ च्या आयातीत सुमारे १० लाख इमारती आणि ९ लाखांहून जास्त पत्ते होते, तरी ते काम शहराचे छोटे चौकोन पाडूनच झालं.

४०९ क्रमांकाची चूक आली तर सहसा अर्थ असा की तुम्ही माहिती उतरवल्यानंतर दुसऱ्या कोणीतरी तेच घर बदललं, किंवा तुमचा चेंजसेट मध्येच बंद झाला. तासभर हालचाल नसली की चेंजसेट आपोआप बंद होतो. ताजी माहिती उतरवा, कॉन्फ्लिक्ट एकेक करून सोडवा. "माझंच ठेव" हे सरसकट दाबू नका. आणि मुळात आठवड्यापूर्वी उतरवलेल्या लेयरवरून आज अपलोड करू नका.

इथे हात बाहेर काढा

तुमचा घोटाळा एका-दोन चेंजसेटचा असेल आणि त्यावर कोणी काही केलं नसेल, तर स्वतः उलटवा. पुढच्यापैकी काहीही असेल तर थांबा आणि अनुभवी माणसाला बोलवा:

तुमच्या चुकीच्या इमारतींवर दुसऱ्यांनी आधीच दुरुस्त्या केल्या आहेत. आता उलटवलं तर त्यांचं कामही उडेल. चेंजसेट दहा-वीस आहेत आणि एकमेकांत अडकले आहेत. जुनी, हाताने काढलेली माहिती पुसली गेली आहे. किंवा परवान्याचाच आक्षेप आला आहे, तेव्हा माहिती नुसती पुसून भागत नाही, इतिहासातूनही झाकावी लागू शकते आणि ते तुमच्या अधिकारात नाही. आधी त्या भागातल्या मॅपर मंडळींना सांगा. त्यांच्याने होण्यासारखं नसेल तर फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुपला कळवा. मोठ्या प्रमाणावर उलटवायची साधनं आणि अधिकार त्यांच्याकडे आहेत. आपण होऊन कळवणाऱ्यावर कोणी ओरडत नाही. आठवडाभर गप्प बसून घाईघाईत पाच अर्धवट उपाय करणाऱ्यावर ओरडतात.

कळवताना "नकाशा बिघडलाय" एवढंच लिहू नका. सगळ्या चेंजसेटचे क्रमांक, अपलोड कधी केलं, मूळ फाइल कुठली आणि कोणत्या प्रणालीतली, चौथ्या तपासणीतले ते चार आकडे, आणि तुम्ही त्यानंतर काय काय करून पाहिलंत ते सगळं, लाज वाटणारं धरून. डिस्कवर सेव्ह केलेली ती लेयरही सोबत जोडा.